पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

भाऊ, दहावीची परीक्षा संपली, भुसावळच्या उन्हात दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, म्हणजे वाचायला वेळच वेळ. उद्ध्वस्त जगात तग धरणाऱ्या पोरांच्या कादंबऱ्याच वाचायच्यात ना? मग लॉइस लोरींच्या 'द गिव्हर'पासून सुरू कर. १९९३चं पुस्तक, लहानसं, इंग्रजी सोपं. त्यातल्या गावात दुःख नाही, भांडण नाही, रंगही नाहीत. का, ते मी सांगणार नाही.

मग सुझान कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' (२००८). यात सोडतीत ज्यांचं नाव निघतं त्या पोरांना एकमेकांशी मरेपर्यंत लढावं लागतं. इथे नवखे हमखास चुकतात:

- सिनेमा आधी बघतात. पुस्तकात नायिका कॅटनिस स्वतः गोष्ट सांगते. तिच्या डोक्यातला हिशोब पडद्यावर बराचसा गळतो.
- मारामारीच्या पानांवर उडी मारतात. खरी गंमत आधीच्या पानांत आहे. जास्तीचं धान्य-तेल हवं असेल तर पोरांनी सोडतीत आपल्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवायच्या. म्हणजे ज्याच्या घरात चूल थंड, त्याचंच नाव निघण्याची शक्यता जास्त! मे महिन्यात टँकरपुढे हंडे लावलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.
- प्रत्येक शब्दाला डिक्शनरी. अडलास तर पुढे जा, दोन पानांत अर्थ लागतो.

'हंगर गेम्स'चे मूळ तिन्ही भाग एकदम विकत घेऊ नकोस. मी घेतले होते, तिसरा वर्षभर कपाटात पडून राहिला. '१९८४' लिहिणारा जॉर्ज ऑर्वेल वगैरे आत्ता नको. पहिली पन्नास पानं झाली की कळव.