बीकॉमनंतर रिसर्च?

प्रश्न : मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात बिझनेसवरचा रिसर्च म्हणजे कंपन्यांचं मार्केटिंग आणि समाजशास्त्र वगैरे आर्ट्सवाल्यांचं काम. खरंय का हे? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, अजिबात नाही! आपल्या पुण्यातलंच बघा ना. गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था 1930 साली सुरू झाली, पहिले संचालक अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांनी पुणे शहराची पाहणी हातात घेतली, म्हणजे घरोघर जाऊन विचारायचं की कमावणारे किती, काम काय, भाडं किती, आता याला अर्थशास्त्र म्हणायचं की समाजशास्त्र? आणि हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात उतरले, पहिले चेअरमनही तेच. ऊस पिकवणाराच शेअर घेऊन मालक, म्हणजे विषय पक्का बिझनेसचा, पण गावातलं कर्ज, सावकारी, पाणी कळल्याशिवाय त्यावर एक पान लिहून होणार नाही.

मुलीला सांगा विषय जवळचाच शोध, गावची पतसंस्था, बचत गट, नाहीतर ऊसतोड टोळीला मुकादमाकडनं मिळणारी उचल, म्हणजे कामाआधीच दिलेले पैसे, ती कशी फिटते, हिशेब कोण ठेवतं. तिला ताळेबंद वाचता येतो ही फार मोठी जमेची बाजू आहे, आर्ट्सच्या कित्येक मुलांना ते जड जातं. मुलाखत घेणं मात्र शिकावं लागेल, आणि एमएला अर्थशास्त्र घेणार असेल तर गणित आत्तापासूनच पक्कं करायला घ्या.