मल्टिटूल घेताय? आधी ब्लेडचा हिशेब मांडा

मल्टिटूलबद्दल, म्हणजे थरथरत्या ब्लेडने कापणाऱ्या विजेच्या हत्याराबद्दल, या महिन्यात बरेच प्रश्न आले. विचारणारे सगळे रोज साईटवर राबणारे आणि पैसा जपून खर्च करणारे. त्यांतले पाच घेतले आहेत.

मी सांगलीत मॉड्युलर किचन बसवतो. दुकानात तीन हजारांचं मशीन आहे आणि नऊ हजारांचंही. दोन्हींवर 300 वॅट लिहिलंय. मग जादा पैसे कशाचे?

वॅट सारखे असले तरी ब्लेडचं हलणं सारखं नसतं. हे ब्लेड गोल फिरत नाही, मिनिटाला वीस हजार वेळांपर्यंत डावी-उजवीकडे थरथरतं. त्या थरथरीचा कोन अंशांत दिलेला असतो. मकिताच्या टीएम3010सी मशीनचा 3.2 अंश, बॉशच्या जीओपी 30-28चा 2.8. ऐकायला फरक किरकोळ, पण दात मध्यापासून 80 मिमीवर असले तर पहिल्यात ते साडेचार मिमी सरकतात, दुसऱ्यात चारच्याही आत. कोन मोठा असला की भुसा बाहेर पडतो आणि काप लवकर होतो, हाताला मात्र झिणझिण्या जास्त येतात. काही बॉक्सवर एकाच बाजूचा कोन छापतात, 1.6 असा. तो दुप्पट करून मगच तुलना करा.

त्याहून महत्त्वाची ब्लेडची बैठक, म्हणजे ब्लेड मशीनला जिथे अडकतं ती जागा. बॉश आणि जर्मनीच्या फाइन कंपनीने 2016 साली मिळून ‘स्टारलॉक’ नावाची बैठक आणली. पकड उत्तम, पण उघड्या खाचेचं साधं ‘युनिव्हर्सल’ ब्लेड त्यावर बसत नाही. स्टारलॉकमध्येही साधं, प्लस आणि मॅक्स असे तीन प्रकार आहेत. साधं स्टारलॉक ब्लेड या तिन्ही प्रकारांच्या मशीनवर चालतं, मॅक्सचं ब्लेड फक्त मॅक्सवर. म्हणून सांगलीच्या बाजारात तुम्हाला कोणती ब्लेड हमखास मिळतात ते आधी बघा, मशीन त्यानंतर.

माझं मत विचाराल तर सॉकेटचा चौकोन, पाइपची खाच, स्कर्टिंगचा तुकडा एवढंच काम असेल तर तीन हजारांचं घ्या आणि उरलेल्यातून चांगली बायमेटल (दोन धातू जोडून केलेली) ब्लेड घ्या. फक्त स्पीडचा डायल हवा आणि कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बाहेरून बदलता यायला हवेत. दिवसाला तास-दोन तास चालवणार असाल, तर स्वस्त मशीनचं डोकं तापून बेअरिंग आवाज करू लागतं. मग नऊ हजारांचंच परवडतं.

नाशिकला जुन्या घरांत टाइल बसवताना दरवाजाच्या चौकटी खालून कापाव्या लागतात. नवं ब्लेड दोन चौकटींतच बोथट होतं. मशीन खराब आहे का?

बहुधा मशीन ठीक आहे. ब्लेड चुकीचं असेल किंवा दाब जास्त पडत असेल. नुसत्या लाकडाचं ब्लेड खिळ्याला लागलं की संपलंच, आणि जुन्या सागवानी चौकटीत खिळा कुठे दडलाय ते दिसत नाही. अशा कामाला बायमेटल ब्लेड. होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) किंवा कडक स्क्रू आडवा येणार असेल तर कार्बाइड दातांचं.

आता हात. ज्या टाइल लावायच्या त्यातलाच एक तुकडा चौकटीपाशी पालथा ठेवा, खाली चिकट मसाल्याच्या जाडीइतका पुठ्ठा सरकवा. त्यावर ब्लेड सपाट टेकवा आणि मशीन सुरू करून मग लाकडाला लावा. एका जागी दाबून धरू नका. कोपऱ्यापासून सुरुवात करून हलक्या हाताने डावी-उजवीकडे झुलवत आत जा आणि मधूनमधून ब्लेड बाहेर काढा म्हणजे भुसा पडेल. आवाज बसला की दाब जास्त झाला. धूर आला, दात निळसर झाले, की त्या ब्लेडचं पाणी उतरलं. मग जोर लावून ते कापत नाही, नुसतं जाळतं. खिळा लागल्याचा आवाज आला की स्पीड निम्म्यावर आणा. एवढं सांभाळलंत तर ब्लेड कितीतरी जास्त चालेल, आणि या मशीनमध्ये खरा पैसा ब्लेडवरच जातो.

पनवेलला बाथरूमच्या टाइलमधला जुना ग्राउट (सांध्यात भरलेला मसाला) काढायचाय. मार्बल कटरनेच काढू का?

मोकळ्या जमिनीवर, हात सराईत असेल तर काढा. भिंतीच्या कोपऱ्यात, नळापाशी नको, टाइलची कड उडते. तिथे मल्टिटूलला कार्बाइड-खड्याचं अर्धगोल ब्लेड लावा. सिमेंटचा ग्राउट फार कडक असेल तर डायमंडचं. ब्लेडची जाडी सांध्यापेक्षा कमी हवी, हे घेतानाच मोजा. या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की कायमची. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन95 मास्क लावा. पोरगा मदतीला असेल तर त्यालाही द्या.

पुण्यात इलेक्ट्रिशियन आहे. 18 व्होल्टचं बॅटरी ड्रिल आहे. मल्टिटूलही बॅटरीचं घेऊ का?

त्याच कंपनीच्या त्याच बॅटरीचं, नुसतं मशीन मिळत असेल तर जरूर घ्या. जिप्सम सीलिंगमध्ये शिडीवर उभं राहून चौकोन कापताना वायर पायात येत नाही. पण हे मशीन सलग चालतं, त्यामुळे 2 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी पटकन उतरते. 4 किंवा 5 एएचची एक हवीच. कापण्याआधी एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा आणि टेस्टरने खात्री करा. पॅनेलमागची वायर या ब्लेडपुढे अजिबात टिकत नाही.

जुन्या बाजारात ब्रँडेड मशीन अर्ध्या किमतीत मिळतंय. काय तपासू?

प्लग काढून ठेवा. ब्लेड बसवून ते हाताने वर-खाली हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग गेलंय, सोडून द्या. बैठकीचे दात किंवा पिना झिजून गोल झाल्या असतील तरी नको, ब्लेड सुटत राहील आणि त्याला इलाज नाही. मग प्लग लावून पूर्ण स्पीडवर दोन-तीन मिनिटं चालवा. आतून थोडी ठिणगी दिसणं चालतं. गोल कडं पेटल्यासारखं दिसलं किंवा करपल्याचा वास आला तर आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) खराब. वायर हँडलपाशी वाकवून बघा, मशीन अडखळलं तर वायर आतून तुटलीय. ते मात्र स्वस्तात दुरुस्त होतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.