पाऊस लागला की झोपच उडते, मला काय झालंय का?

जून आला की हा प्रश्न माझ्याकडं हमखास येतो. मागं पंचगंगेकाठच्या एका गावातल्या ताई आलेल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). २०१९ ला घरात पाणी, २०२१ ला परत तेच. आता पाऊस लागला की रात्री दोनला उठून मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची, तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी धरणाचे दरवाजे उघडल्याचा कुठला तरी जुना व्हिडिओ टाकतो, तो बघून छातीत धडधड, आणि नवरा म्हणतो झोप की गप, उगंच काय.

उगंच कसं? दोनदा पाणी आलंय की घरात. "काही होत नाही हो" असलं मी सांगतच नाही, कारण ते खोटं असतं आणि समोरच्यालाही कळतं. मी विचारलं, पाणी वाढायला लागलं तर पहिलं काय करणार? ताई गप्प. म्हणजे रात्रभर आकडा बघायचा पण त्या आकड्याला करायचं काय तेच ठरलेलं नाही, मग डोकं थांबणार कसं.

मग कागद घेऊन बसलो. बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, २०१९ ला ५५ च्या वर गेलेलं. ताईंचं घर सखल भागात, म्हणून आम्ही ३९ लाच कामाला लागायचं ठरवलं. सातबारा, रेशन कार्ड, आधार, पोरांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत, धान्य माळ्यावर, पॉवर बँक फुल्ल, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, कारण २०१९ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडलेला, गोळ्या येणार कुठनं. प्यायचं पाणी पण भरून ठेवायचं. तेव्हा कोल्हापुरात चहूकडं पाणी आणि नळ कोरडे, उपसा केंद्रंच बुडालेली ना. ४१ ला घर सोडायचं, निघताना मेन स्विच बंद आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ दारामागं मोठ्या अक्षरात.

खरी गाठ पुढंच होती. सासूबाई. "म्हशी सोडून मी हलत नाही." दोन्ही वेळेला याच्यावरनंच उशीर झालेला, आणि ताईंची निम्मी भीती पाण्याची नव्हतीच, या भांडणाची होती. सासूबाईंना बोलावून घेतलं, आणि त्यांनीच तोडगा काढला: ३७ फुटालाच म्हशी भावाच्या गावाला, उंचावर. म्हशी गेल्या की मी पण जाते म्हणाल्या.

पातळी बघायची ती सकाळ-संध्याकाळ, सरकारी आकडा, आणि रात्री घरातलं एकच माणूस जागं, पाळीनं. नवऱ्याला पहिली पाळी दिली, चेहरा बघण्यासारखा होता.

ताई आता पावसात झोपतात, सलग नाही पण झोपतात. तयारी करूनही महिनाभर झोप नाही, पुराची स्वप्नं पडतात, पाऊस नसतानाही दिवसा धडधडतं असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.