अमेरिकेतल्या पदवी कॉलेजात जीवशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज करतोय. संशोधन आराखड्यात काय लिहू?

तुमचं संशोधन पदवीच्या मुलांच्या हातून कसं होईल, ते लिहा; पेपरांची यादी सीव्हीत असतेच. या छोट्या कॉलेजांत बहुधा पीएचडीचे विद्यार्थी नसतात, प्रयोगशाळा चालते ती तासांमधून वेळ काढून येणाऱ्या मुलांवर. निवड समितीत बसले की मी आधी हेच शोधते: एका सत्रात हाती काही लागेल असं काम आहे का? उदाहरणार्थ, फळमाशीची पिढी 25 अंशांना साधारण 10 दिवसांत होते. नवखी मुलगीसुद्धा भिंगाखाली डोळ्यांच्या रंगावरून माशा वेगळ्या करते, मोजते, आणि तो डेटा तिचा स्वतःचा असतो! उंदरांवरचा लांबलचक प्रकल्प इथे अडतो. मात्र काही कॉलेजं बाहेरून अनुदान आणण्याचीही अपेक्षा ठेवतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा. तसं असेल तर एनएसएफ (संशोधनाला निधी देणारी अमेरिकी सरकारी संस्था) हिच्या आरयूआय या, पदवी कॉलेजांतल्या संशोधनासाठीच्या अनुदान योजनेचा उल्लेख जरूर करा.