बॉस्टनसारखं खेळाचं वेड अटलांटात का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की बॉस्टनला असताना लिफ्टमध्ये अनोळखी माणूससुद्धा कालच्या मॅचवर बोलायला लागायचा, आणि अटलांटाला बदली झाल्यापासून ऑफिसात इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचं, फाल्कन्सचं, नावही कुणी काढत नाही. दोन्ही शहरं मोठी, दोन्हीकडे नावाजलेल्या टीम, मग इतका फरक कशानं? अटलांटाच्या लोकांना खेळांत रसच नाही का?

"बॉस्टन जिंकतं, अटलांटा हरतं" असं उत्तर इथे दोघातिघांनी दिलंय. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पेनसिल्व्हेनियात माझी बरीच वर्षं गेली, नोकरीमुळे कॅलिफोर्निया आणि टेक्सासलाही राहणं झालं, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

आधी जिंकण्या-हरण्याचं बघू. फुटबॉलमधले डेट्रॉईट लायन्स २००८ च्या सीझनमध्ये सोळाच्या सोळा मॅच हरले. प्लेऑफमधली, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीतली, एक मॅच जिंकायला त्यांना जानेवारी २०२४ उजाडावा लागला, त्याआधीचा विजय ३२ वर्षांपूर्वीचा. तरी थँक्सगिव्हिंगच्या दुपारी मिशिगनमध्ये घरोघरी लायन्सची मॅच लागतेच, ही रीत १९३४ साली सुरू झालेली आहे. एप्रिल २०२४ मध्ये एनएफएल या फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातले खेळाडू टीमांनी निवडण्याचा कार्यक्रम, डेट्रॉईटच्या डाउनटाउनमध्ये झाला. तिथे खेळ नव्हताच, नुसती नावं पुकारायची होती. तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं लोटली.

उलट बेसबॉलमधले अटलांटा ब्रेव्ह्ज घ्या. १९९१ ते २००५ या काळात, संपामुळे अर्धवट राहिलेलं १९९४ सोडलं तर, दर वर्षी ते आपल्या गटात पहिले आले. १९९५ ला वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, तीही जिंकली. आणि त्याच काळात प्लेऑफच्या मॅचना खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. जिंकल्यावर टोप्या खपतात, टीव्ही बघणारे वाढतात, हे खरं. पण तुम्ही बॉस्टनच्या लिफ्टमध्ये जे अनुभवलंत ते त्यातून येत नाही.

माझ्या मते बघायचं ते हे: त्या शहरात किती घरांत आजोबा, मुलगा आणि नात एकाच टीमसाठी जीव टाकत आलेत?

२०१६ मध्ये शिकागो कब्ज १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरीज जिंकले. त्या दिवसांत त्यांच्या रिगली फील्ड या मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूनं लिहायला लागले. बघता बघता भिंत हात पोचेल तिथपर्यंत भरून गेली, आणि मग लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून त्याच्याही वर लिहू लागले. त्यातली कितीतरी नावं खेळाडूंची नव्हती. ती वारलेल्या वडिलांची होती, आजीची, काकांची. ज्यांनी जन्मभर वाट पाहिली आणि ज्यांना हा दिवस दिसला नाही, अशांची. तुमच्या बॉस्टनला २००४ साली हेच झालं होतं. रेड सॉक्स ८६ वर्षांनी जिंकल्यावर लोक टोप्या आणि झेंडे घेऊन कबरस्तानात गेले होते. अशा शहरात टीम ही घरातली गोष्ट असते, आणि घरातल्या गोष्टीवर माणूस लिफ्टमध्येही बोलतो.

यासाठी पिढ्या एका जागी टिकाव्या लागतात. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक त्याच राज्यात जन्मलेले आहेत. नेवाडात हेच प्रमाण साधारण चौथा हिस्सा. बाकी सगळं विसरलात तरी एवढे दोन आकडे लक्षात ठेवा.

फिलाडेल्फियात हे रोजच्या जगण्यात दिसतं. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी, चारही खेळांची मैदानं शहराच्या दक्षिण टोकाला एकमेकांना लागून आहेत आणि ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलं की चालत पोचता येतं. रविवारी सकाळी त्या ट्रेनमध्ये चढा. ईगल्सच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमच्या, हिरव्या जर्सीतल्या आजीबाई, बापाच्या कडेवरचं पोर, रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स. कुणीतरी एक जण "ई" म्हणतो आणि सगळा डबा ई-ए-जी-एल-ई-एस पुरं करतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सनी पहिला सुपर बोल (एनएफएलची फायनल) जिंकला तेव्हा लोकांनी दिव्याच्या खांबांवर चढू नये म्हणून पोलिसांनी खांबांना वंगण फासलं होतं. लोक तरी चढले. माझ्या शेजाऱ्यांकडे ईगल्सची सीझन तिकिटं वडिलांपासून चालत आलेली होती. वडील गेल्यावर घराच्या वाटणीचं भावाभावांत एका बैठकीत मिटलं, त्या दोन खुर्च्यांचं मिटायला वर्ष गेलं. आपली मराठी मुलंही यातून सुटलेली नाहीत. जानेवारीत मंडळाची संक्रांत आणि ईगल्सचा प्लेऑफ एकाच रविवारी आला, तर तिळगूळ देताघेता हॉलच्या कोपऱ्यात दहा पोरं एका फोनभोवती उभी असतात.

पिट्सबर्गची गोष्ट याहून हृद्य आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या फुटबॉल टीमनं, स्टीलर्सनी, चार सुपर बोल जिंकले. १९७५ साली त्यांचे रेडिओ समालोचक मायरन कोप यांनी पिवळा टॉवेल फिरवायची कल्पना काढली. आणि लगेच ऐंशीच्या दशकात पोलादाचे कारखाने बंद पडले, तरुण माणसं कामाच्या शोधात टेक्सासला, फ्लोरिडाला, जॉर्जियाला गेली. जाताना टॉवेल घेऊन गेली. म्हणून आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात स्टीलर्सच्या चाहत्यांचा ठरलेला बार असतो, आणि स्टीलर्स पाहुणे म्हणून खेळायला गेले तरी निम्मं स्टेडियम पिवळं दिसतं.

आता अटलांटाकडे या. १९७० मध्ये अटलांटा महानगराची वस्ती वीस लाखांच्याही आत होती, आज साठ लाखांच्या वर आहे. ही वाढ बहुतेक बाहेरून आलेल्यांची. तुमच्या शेजारच्या डेस्कवरचा माणूस क्लीव्हलंडचा असेल, समोरची बाई शिकागोची. त्यांना खेळात रस नाही असं नाही, त्यांची टीम गावी आहे. तुमचीही बॉस्टनलाच आहे ना? तुम्ही तरी फाल्कन्सचं नाव कुठे काढता? एकाच ऑफिसात दहा टीमचे दहा लोक असले की लिफ्टमध्ये बोलायला सामाईक काही उरत नाही, इतकं ते साधं आहे.

दुसरी बाजू मूळच्या जॉर्जियाकरांची. मिलवॉकीहून ब्रेव्ह्ज इथे आले १९६६ मध्ये, फाल्कन्स सुरू झाले त्याच वर्षी, सेंट लुईसहून बास्केटबॉलचे हॉक्स आले १९६८ मध्ये. म्हणजे १९४० साली जन्मलेल्या इथल्या आजोबांना पंचविशीपर्यंत सगळ्यात वरच्या लीगमधली शहराची टीमच नव्हती. त्यांच्याकडे होतं ते कॉलेज फुटबॉल. त्यांनी मुलाला दिला तो जॉर्जिया बुलडॉग्जचा लाल रंग, नाहीतर जॉर्जिया टेकचा सोनेरी. जो वारसा फिलाडेल्फियात रविवारी दिसतो तो इथे शनिवारी दिसतो. ऑक्टोबरमधल्या शनिवारी लग्न ठेवलं तर इथली जुनी घराणी खरोखर नाराज होतात. तुम्ही सोमवारी फाल्कन्सबद्दल विचारत असाल तर प्रश्नाचा वारच चुकतोय.

अटलांटानं हॉकीच्या दोन टीम गमावल्या. फ्लेम्स १९८० मध्ये कॅल्गरीला गेले, थ्रॅशर्स २०११ मध्ये विनिपेगला. त्यावरून "हे शहर थंड" असा शिक्का बसला. पण २०१७ मध्ये अटलांटा युनायटेड ही सॉकरची नवी टीम आली, आणि पहिल्याच सीझनपासून काही मॅचना सत्तर हजारांवर लोक यायला लागले. अमेरिकन सॉकर लीगमध्ये इतकी गर्दी तोवर क्वचितच दिसायची. माझ्या समजुतीप्रमाणे कारण सरळ आहे. क्लीव्हलंडहून किंवा पुण्याहून इथे आलेल्या माणसाच्या सामानात अमेरिकन सॉकरची दुसरी टीम नव्हती. ती जागा मोकळी होती, आणि तिथे सगळे एकाच दिवशी आले. नेवाडातल्या लास व्हेगसला त्याच वर्षी हॉकीची गोल्डन नाइट्स सुरू झाली. त्यांच्या घरच्या पहिल्या मॅचच्या काही दिवस आधी, १ ऑक्टोबर २०१७ ला, शहरात तो भयंकर गोळीबार झाला होता. खेळाडू रक्तदान केंद्रांवर गेले, पोलिसांना भेटले. वाळवंटातल्या, बाहेरून आलेल्या लोकांच्या त्या गावानं टीमला असं काही पोटाशी धरलं की आजही सोडलेलं नाही.

लॉस एंजेलिसबद्दल हमखास ऐकू येतं की तिथले लोक डॉजर्सच्या बेसबॉल मॅचला नऊपैकी तिसऱ्या इनिंगला येतात आणि सातव्या इनिंगला निघतात. येतात, मी पाहिलंय. पण मॅच संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मैदान टेकडीवर, छप्पन हजार खुर्च्या, आणि जवळजवळ सगळे त्याच वेळी त्याच फ्रीवेवरून गाडीनं निघालेले. ऑफिस सुटल्यावर पहिल्या चेंडूला पोचून दाखवा! तरीही प्रेक्षकसंख्येत डॉजर्स वर्षानुवर्षं लीगमध्ये सगळ्यात पुढे असतात.

तिथला वारसा स्पॅनिशमध्ये आहे, इंग्रजी टीव्हीवरून तो कळत नाही. ज्या चावेझ रवीन वस्तीच्या जागी स्टेडियम उभं आहे तिथून पन्नासच्या दशकात मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना उठवलं गेलं होतं. घरं पाडली होती. तो राग अनेक घरांत वीस वर्षं होता. मग १९८१ मध्ये मेक्सिकोतल्या सोनोराचा वीस वर्षांचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला गोलंदाजीला उभा राहिला आणि सुरुवातीच्या आठच्या आठ मॅच जिंकला. ज्या घरांनी त्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं ती घरं आजीसकट आली. हाइमे हारीन यांनी १९५९ पासून २०२२ पर्यंत डॉजर्सचं स्पॅनिश समालोचन केलं. तिसऱ्या पिढीच्या कानात तोच आवाज आहे. आणि याच शहरात १९९५ ते २०१५ एनएफएलची एकही टीम नव्हती, दोन्ही टीम सोडून गेल्या होत्या. एक अख्खी पिढी फुटबॉलच्या घरच्या टीमशिवाय वाढली. त्यामुळे आज परत आलेल्या रॅम्सच्या मॅचला पाहुण्यांचे रंग जास्त दिसले तर त्यात लोकांच्या थंडपणाचा काय संबंध?

ओकलंडचा विषय निघाला की मला अजून वाईट वाटतं. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगसला, बेसबॉलचे ए'ज २०२४ चा सीझन संपवून गेले. मालक म्हणायचे लोक येत नाहीत. १३ जून २०२३ ला ए'जच्या चाहत्यांनी ठरवून एक मंगळवार निवडला. एरवी जिथे काही हजार लोक असायचे तिथे २७,७५९ आले, अंगावर हिरवे टी-शर्ट आणि त्यावर मालकाला उद्देशून एकच शब्द: "विका". रिकाम्या खुर्च्या बघून शहराची आस्था मोजणाऱ्यांनी ती रात्र एकदा बघावी.

डॅलसकडे फुटबॉलचे काउबॉईज आहेतच, पण खरा जीव शुक्रवारी रात्रीच्या शाळेच्या मॅचमध्ये. ॲलन या उपनगरात एका हायस्कूलचं स्टेडियम अठरा हजार खुर्च्यांचं आहे, २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. फ्रिस्को-प्लेनोमधल्या कितीतरी मराठी घरांची फुटबॉलशी ओळख मुलगी मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते म्हणून झाली. आईबाबा बँडसाठी जातात, आणि दुसऱ्या वर्षी मॅचमधल्या निर्णायक थर्ड डाउनला उभे राहून ओरडतात. तिथून जवळच ग्रँड प्रेअरीला ६ जून २०२४ ला अमेरिकेनं टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानला हरवलं. सुपर ओव्हर टाकली ती मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरनं. ते मैदान आधी बेसबॉलचं होतं. आपल्या लोकांची मुलं तिथे मोठी होतायत, तेव्हा तिथल्या क्रिकेटची मुळं धरायला आता सुरुवात झालीय एवढंच म्हणतो.

आता तुमच्यापुरतं सांगतो. ऑफिसात बॉस्टनचे आहात म्हणून सांगताना सुपर बोलचा विषय काढू नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये फाल्कन्स २८-३ नं पुढे होते आणि तुमच्या पेट्रियट्सनी ओव्हरटाइममध्ये ती मॅच काढली. ते दोन आकडे इथे आजही उच्चारत नाहीत.

अटलांटा युनायटेडच्या मॅचला मार्टानं, म्हणजे शहरातल्या मेट्रोनं, जा, स्टेशन स्टेडियमला लागूनच आहे. ब्रेव्ह्जसाठी मात्र गाडीच लागेल, कारण २०१७ मध्ये ते कॉब काउंटीत गेले आणि तिथे मार्टाची ट्रेन जात नाही. शहरातल्या मध्यवस्तीतले अनेक जुने चाहते तेव्हापासून तुटले आहेत.

आणि सहकाऱ्यांना "कुठली टीम?" ऐवजी "कुठलं कॉलेज?" विचारून बघा. जॉर्जिया विद्यापीठाचं कुणी भेटलं तर एखाद्या शनिवारी त्यांच्याबरोबर विद्यापीठाच्या गावी, अथेन्सला जा. अटलांटापासून साधारण सत्तर मैल, स्टेडियम नव्वद हजारांवर लोकांचं. मॅच दुपारची असली तरी सकाळी लवकर निघा, कारण टेलगेटिंगचे तंबू, ग्रिलवरचं खाणं आणि बँड हे सगळं मॅचच्या आधीच असतं, आणि ओळखी तिथेच होतात. लाल टी-शर्ट चालेल. फक्त बरोबर येणारा जॉर्जिया टेकचा नाही ना, हे आधी विचारून घ्या.