सर्वज्ञ देवाला पस्तावा कसा होतो?

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ६वा अध्याय दाखवला. माणूस निर्माण केल्याचा तिथे देवाला अनुताप होतो, मनाला लागून राहते. पुढचे सगळे आधीच ठाऊक असेल तर अनुताप कसला? आणि ठाऊक नसेल तर तो सर्वज्ञ कसला?

उत्तर : ताई, ही अडचण खुद्द बायबलमध्येच मिटलेली नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १५वा अध्याय काढा. शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, असे ११व्या वचनात आहे. पस्तावायला तो काही माणूस नव्हे, असे संदेष्टा शमुवेल २९व्यात ठणकावतो. आणि ३५व्यात पुन्हा पस्तावा! गीतेतही तेच. ‘न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः’ (मला ना कोणी नावडता, ना कोणी आवडता) असे ९व्या अध्यायात सांगणारा कृष्ण १२व्यात ‘स मे प्रियः’ (तो मला प्रिय) म्हणत राहतो. भक्ताला हळवा देव हवा असतो, तत्त्वज्ञाला तो परवडत नाही. भावना म्हटली की बदल आला, आणि जो पूर्ण आहे तो बदलेल कशाला?

माझ्या मते सगळ्या भावना एका मापाने मोजू नयेत. आश्चर्य, धास्ती, पस्तावा यांना अज्ञान लागते. दुःखाला लागत नाही. शेवट पाठ असलेली गोष्ट वाचतानाही डोळे भरतातच. म्हणून उत्पत्तीच्या त्या वचनातले दुःख मी खरे धरीन, अनुताप नाही.

ज्ञानाच्या मर्यादेबद्दल मला १४व्या शतकातल्या लेवी बेन गेर्शोम या ज्यू पंडिताचे म्हणणे पटते. माणूस स्वतःच्या मर्जीने काय निवडील, हे देवालाही आधी ठाऊक नसते. त्यात उणेपणा नाही, कारण जे अजून ठरलेलेच नाही, त्यात जाणण्यासारखे काही नसतेच. (आपले ऋग्वेदातले नासदीय सूक्त तर जगाच्या उगमाबद्दलच बोलून जाते : ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’. त्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल!)

खरी गोम मला वेगळीकडेच दिसते. भीतीने हातपाय गार पडतात, जीभ टाळ्याला चिकटते, हे वर्णन कितीही अचूक असले तरी भीती कळायला एकदा भ्यावेच लागते. मग जो कधी भ्यालाच नाही, त्याला ती कितपत ठाऊक? देव पूर्ण राहावा म्हणून भावना काढून घ्यायला जावे, तर त्याच्या ज्ञानालाच भोक पडते. ख्रिस्ती परंपरा इथे वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत व्याकूळ झालेल्या येशूकडे बोट दाखवते. पण तिच्याच जुन्या धर्मपंडितांनी लगेच तजवीज करून ठेवली : येशू देवही आणि माणूसही, तेव्हा वेदना त्याच्या मानवी स्वभावाला झाल्या, दैवी स्वभावाला नाही. हा तोडगा मला अजिबात पटत नाही. दुःख जिथवर पोचलेच नाही, तिथे ते कळले असे म्हणायचे तरी कशाच्या जोरावर?