तुमचे प्रश्न : आखाजीच्या सुट्टीत एका दिवसाचं वॉटर पार्क

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि मुलांची उन्हाळी सुट्टी, दोन्ही एकदमच येतं. त्यामुळे या वेळच्या टपालात सहलीचेच प्रश्न जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आम्ही १४ जण आहोत. त्यांत ७२ वर्षांचे सासरे आणि ६ मुलं, सर्वांत लहान दीड वर्षाचं. शिर्डीचं वॉटर पार्क आणि साईबाबांचं दर्शन एकाच दिवसात होईल का? गुरुवारी जायचं म्हणतोय.
— एक वाचक, अमळनेर

होईल, पण गुरुवार सोडा. गुरुवारी पालखी असते, शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवारही टाळा. मंगळवार किंवा बुधवार बरा.

आता घड्याळाचा हिशोब. अमळनेर, धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी हा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा आहे. नकाशावर चार तास दिसतात, पण १४ जणांच्या गाडीला चहा-लघवीचे थांबे धरून पाच तास लागतात. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंचे टँकर आणि पुढे येवल्यापर्यंतचे मालट्रक यांच्यामागे गाडी अडकते ते वेगळंच. म्हणून पहाटे ५ ला गाडी हलली पाहिजे. "५ ला निघू" म्हणजे ५ ला सगळे गाडीत बसलेले, ५ ला चहा ठेवलेला नव्हे. पार्कचं गेट साधारण १० च्या सुमाराला उघडतं. पहिल्या दोन तासांत मोठ्या घसरगुंड्यांना रांग जवळजवळ नसते. १२ नंतर त्याच घसरगुंडीला अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं. उशिरा पोचलात तर तिकीट पूर्ण दिवसाचं भरून मजा निम्मीच मिळते.

दर्शन आधी की पाणी आधी? पाणी आधी. दर्शनरांगेला किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. सकाळी रांगेत अडकलात तर पार्कचा सगळा दिवस गेला. संध्याकाळी साडेचारला पाण्यातून बाहेर या, अंघोळ करून कोरडे कपडे घाला, मग मंदिर. घरी पोचायला रात्रीचे एक-दोन वाजतील, हे आधीच मान्य करून निघा. ते नको असेल तर दर्शन पुढच्या खेपेला ठेवा. आमचं मत विचाराल तर दीड वर्षाचं मूल सोबत असताना दोन्ही करू नये.

सासऱ्यांना दिवसभर उन्हात बाकावर बसवून ठेवू नका. शिर्डीतच साईतीर्थ हे भक्तीविषयक थीम पार्क आहे. सगळं छताखाली, बसून बघण्यासारखं. लंकादहनाचा खेळ लहानांनाही आवडतो. सासू-सासरे आणि सगळ्यांत लहान बाळ तिकडे, बाकीचे पाण्यात, अशी सरळ फाळणी करा.

गाडी ठरवताना तीन गोष्टी विचारा: दिवसाला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लावणार (बरेच जण ३०० लावतात), किलोमीटर त्याच्या गॅरेजपासून मोजणार का, आणि टोल-पार्किंग-ड्रायव्हर भत्ता भाड्यात धरलाय का. तुमचं जाणं-येणं ४०० च्या वर जातं. मध्यरात्र उलटली की बरेच गाडीवाले दुसरा दिवस धरतात, तेही विचारून घ्या. १४ जणांना क्रूझर दाटीवाटीची होते, १७ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. ड्रायव्हरला दुपारी सावलीत तीन तास झोपता येईल अशी सोय बघा. तो तापलेल्या गाडीत जागा राहिला तर परतीला डुलक्या घेईल. परतीच्या धोक्याचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

एसटीने जाणाऱ्यांसाठी: महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ५ ते १२ च्या मुलांना अर्धं. चौघांच्या कुटुंबाला त्याने बराच फरक पडतो. आधार कार्ड जवळ ठेवा.

वॉटर पार्कमध्ये साडी किंवा पंजाबी ड्रेस चालत नाही म्हणतात. घरच्या कॉटनच्या लेगिंगवर टी-शर्ट घातला तर? नाहीतर आम्ही बायकांनी नुसतं काठावर बसायचं का?
— एक वाचक, धरणगाव

काठावर बसू नका, पण कॉटन नकोच. हा नियम कोणाच्या लहरीवर नाही. सुती कापड पाणी पितं आणि जड होतं, पोहताना अंग खाली ओढतं. त्याचे सुटे धागे गाळणीत जाऊन अडकतात, मग पाणी गढूळ होतं. घसरगुंडीवर सुती कापड चिकटतं, माणूस मधेच थांबतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. ओढणी आणि पदर तर कुठेही अडकतात.

सगळ्यात जास्त फसतात त्या लेगिंगमध्ये. दुकानदार "लायक्रा आहे" म्हणतो, पण रोजच्या वापराची ती ताणणारी लेगिंग बहुतेक वेळा ९५ टक्के सुती आणि ५ टक्के लायक्राची असते. गेटवर ती परत पाठवली जाते, मग तिथलाच भाड्याचा पोशाख घ्यावा लागतो, वर अनामत रक्कम. घरीच तपासा: आतला लेबलचा कागद वाचा, "नायलॉन" किंवा "पॉलिएस्टर"बरोबर "स्पँडेक्स" लिहिलेलं हवं. लेबल फाडलं असेल तर कोपरा पाण्यात बुडवून पिळा. झटकल्यावर पाच मिनिटांत जवळजवळ सुकला तर चालेल, ओलाचिंब राहिला तर ते सुती आहे.

अंग झाकून राहायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख मिळतो. उन्हापासून कातडीही वाचते. जळगावात फुले मार्केटला, धुळ्यात पाचकंदीलला सुट्टीच्या आधी माल येतो. मे उजाडला की मोठे साईझ संपतात, तेव्हा एप्रिलमध्येच घ्या. माप अंगाला घट्ट घ्या. सैल पोशाखात घसरगुंडीवर हवा भरून तो वर सरकतो.

पोशाखाला धातूची चेन, बटण, टिकल्या, खडे नकोत. घसरगुंडीचं फायबर त्याने खरवडलं जातं आणि त्या ओरखड्यावर पुढच्याचं अंग सोलतं. केसांचा घट्ट अंबाडा घाला, पिनांऐवजी कापडी रबर वापरा. सोन्याची चेन, कानातले, पैंजण घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर त्या दिवशी काळ्या मण्यांचं स्वस्तातलं घाला. लाटांच्या हौदात पोत तुटली तर मणी सापडत नाहीत. चष्म्याला मागे दोरी लावा. कॉन्टॅक्ट लेन्स पाण्यात घालू नका, वाहून तर जातातच, डोळ्यांना संसर्गही होतो.

मुलगा ६ वर्षांचा, उंची ९८ सेंटिमीटर. त्याचं तिकीट लागेल का, आणि त्याला कशात बसता येईल?
— एक वाचक, पाचोरा

बऱ्याच पार्कमध्ये तिकीट वयावर नसून उंचीवर असतं. घरी दाराच्या चौकटीला अनवाणी उभं करून, डोक्यावर आडवी पट्टी ठेवून मोजा. बूट घालून मोजलेली उंची गेटवर चालत नाही. मग त्या पार्कच्या संकेतस्थळावर उंचीनुसार दर बघा.

खेळांची उंची मर्यादा भीती घालण्यासाठी नसते. मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरचा पट्टा ठराविक मापाच्या शरीराला धरतो. लहान मूल त्याखालून निसटतं. मोठ्या रोलर कोस्टरला १२० ते १४० सेंटिमीटरची अट असते. "थोडं कमी आहे, सोडा ना" असं कर्मचाऱ्याला विनवू नका. ९८ सेंटिमीटरच्या मुलाला लहान मुलांचे हौद, छोट्या घसरगुंड्या, आगगाडी, गोल पाळणे मिळतील, आणि त्याला त्याचंच कौतुक असतं. रडारड होते ती मोठ्या भावाच्या रांगेत त्याला दहा मिनिटं उभं करून मग बाहेर काढल्यावर. म्हणून आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कशात बसायचं आणि कशात नाही.

लाटांच्या हौदात गुडघ्याएवढ्या पाण्यातच राहा. खोल पाण्याच्या बाजूला मोठ्या माणसाने उभं राहायचं आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं. लाटा एकामागून एक फेऱ्यांत येतात. फेरी सुरू झाली की गर्दी पुढे सरकते आणि छोटं डोकं चार सेकंदांत दिसेनासं होतं. फुगवलेल्या ट्यूबवर विसंबू नका, ती उलटते. पार्कचं लाइफ जॅकेट मागून घ्या. पोशाखाच्या आतून पक्क्या मार्करने तुमचा फोन नंबर लिहा आणि पाण्यात उतरण्याआधी त्याच कपड्यांतला एक फोटो काढा. चुकलं मूल शोधताना "निळा, पिवळ्या पट्ट्यांचा" असं सांगता येणं फार कामाचं असतं.

जळगावहून खोपोलीचं इमॅजिका सकाळी जाऊन रात्री परत, असं होईल का?
— एक वाचक, जळगाव

नाही. गाडीने एका बाजूलाच ४०० किलोमीटरच्या वर आहे. जाणारा दिवस रस्त्यातच संपतो.

एका दिवसाचं पार्क करायचंच तर दोन रात्री रेल्वेत घालवा. रात्री १० नंतर जळगावहून सुटणारी गाडी पहाटेच कल्याणला आणते. तिथून कर्जतची लोकल, कर्जतला खोपोलीची लोकल, आणि खोपोलीहून पालीच्या रस्त्यावर पार्कपर्यंत रिक्षा-टॅक्सी. खोपोलीच्या लोकल मोजक्या असतात, तेव्हा वेळापत्रक बघूनच घरातून निघा. परतीची आरक्षित जागा रात्री ११ नंतरची घ्या. ९ ची घेतली की संध्याकाळी पाचपासून सगळ्यांचा जीव घड्याळात अडकतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीत पहिल्याच दिवशी संपतं. ५ ते १२ च्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं. पावसाळ्यात तिकडे धो-धो पाऊस असतो, वीज कडाडली की उघड्यावरचे खेळ बंद होतात. जुलैत जाऊन नंतर कुरकुर करू नका.

बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत. मग मुलांना काय खाऊ घालायचं? दशम्या सोबत नेल्या तर टिकतील का?
— एक वाचक, पारोळा

दशम्या टिकतात, अडचण गाडीची आहे. उन्हात बंद उभी गाडी आतून भट्टीसारखी तापते. दुधात मळलेली, तेल लावून भाजलेली दशमी, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणचं एवढंच गाडीत ठेवा. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच कापडात गुंडाळा, गरम बांधल्या की वाफेने ओलसर होतात आणि दुपारपर्यंत आंबूस वास मारतात. बटाट्याची भाजी, दहीभात, भरीत, कांद्याची कोशिंबीर नको. केळी डिकीत दोन तासांत काळी पडतात.

जेवायची खरी जागा म्हणजे पार्कच्या आधीचा शेवटचा थांबा. साडेनऊला दशमी-चटणी पोटभर खाऊन गेटला जा. आतलं जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर घ्या. एक ते दोनमध्ये काउंटरवर झुंबड असते. जेवल्यावर पाऊण तास गोल फिरणाऱ्या खेळात बसू नका. बाळाचं खाणं आणि औषधं सहसा आत नेऊ देतात, डॉक्टरची चिठ्ठी असली तर बरं.

पाण्यात असल्याने घाम दिसत नाही, तहानही कळत नाही, आणि चारच्या सुमाराला मूल अचानक चिडचिडं, डोकेदुखीचं होतं. दर तासाला पाणी पाजा. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलट त्रास होतो. सनस्क्रीन पाण्यात उतरण्याआधी २० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा.

मासिक पाळी नेमकी त्याच दिवशी आली तर?
— नाव नको, भुसावळ

पॅड लावून पाण्यात उतरू नका, तो पाणी शोषून फुगतो आणि निरुपयोगी होतो. कप किंवा टॅम्पॉन नेहमी वापरत असाल तर उतरायला हरकत नाही. त्याच दिवशी पहिल्यांदा वापरून बघू नका. नाहीतर कोरडे खेळ आहेतच. आणि सामान सांभाळायची जबाबदारी आपसूक तुमच्याकडे येणार असेल, तर लॉकर घ्यायला लावा.

नंदुरबारहून जवळ, पण पाण्याचं नसलेलं एका दिवसाचं ठिकाण सुचवा.
— एक वाचक, नंदुरबार

एकतानगर, म्हणजे जुनं केवडिया. अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा, राजपिपला या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, मुलांचं पोषण उद्यान (यात छोट्या आगगाडीने फिरवतात) आणि प्राणिसंग्रहालय. ही तीनही एका दिवसात उरकायला गेलात तर प्रत्येक ठिकाणी धावतच बघाल. लहान मुलं असतील तर पोषण उद्यान आणि पुतळा एवढंच ठेवा. पुतळ्याच्या आतल्या प्रेक्षक सज्जाचं तिकीट वेगळं असतं आणि वेळ ठरलेली असते, तेव्हा आधी ऑनलाइन काढा. सोमवारी सगळं बंद असतं. सोमवारची रजा घेऊन गेलेले लोक गेटवरून परत येतात, हे दर सुट्टीत घडतं. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम बघून निघालात तर घाटाजंगलाच्या रस्त्याने नंदुरबारला पोचायला रात्रीचे अकरा-बारा होतील. ड्रायव्हर घरचाच असेल तर कार्यक्रम सोडा आणि उजेडात देडियापाडा ओलांडा.